अक्षर कुणाचं? खिळ्यांपासून खुल्या परवान्यापर्यंत

अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या मधल्या चिखलोलीहून आम्ही बोलतोय. आज विषय जरा वेगळा आहे. पापड-मसाल्याचा नाही, कर्जाच्या हप्त्याचा नाही. पण या दोन्हींशी त्याचा संबंध आहे, तो कसा ते ऐका.

मध्यंतरी आमच्या गटाला कर्जाच्या कामासाठी जुनी इतिवृत्तं हवी होती. कागदी वह्या २०१९ च्या जुलैच्या पावसात भिजून गेल्या. तोच पाऊस, ज्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली होती. आम्ही म्हटलं, काळजी नाही, सगळं संगणकावर टाइप करून घेतलेलं आहे, सीडी कपाटात आहे. सीडी लावली, फाइल उघडली, आणि समोर काय? इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के, चांदण्या. मराठीचं एक अक्षर नाही. ज्या फाँटात ते टाइप केलं होतं, तो फाँट त्या टायपिंगवाल्याच्या संगणकावर होता आणि तो दुकान बंद करून कधीच निघून गेला होता. ठराव आमचा, सह्या आमच्या, शब्द आमचे. पण ते वाचायची किल्ली दुसऱ्याकडे! त्या ठरावांवर ज्या बायकांची नावं होती त्यातल्या दोघी आता आपल्यात नाहीत.

तेव्हा आमच्या मनात पहिल्यांदा प्रश्न आला, की अक्षर कुणाचं असतं? त्याचा शोध घेता घेता जो इतिहास हाती लागला, तो आज तुम्हाला सांगायचा आहे.

आमच्या भागात अक्षरं नवी नाहीत. अंबरनाथचं शिवमंदिर तुम्ही पाहिलं असेल. तिथे शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० च्या सुमाराचा, शिलाहार राजांच्या काळातला संस्कृत शिलालेख आहे. दगडावर कोरलेलं अक्षर ज्याला वाचता येईल त्याचं. ते वाचण्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, आणि हजार वर्षांनीही ते आहे तिथेच आहे.

मग छापखाने आले. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापलं. शिशाच्या खिळ्यांवरही छपाई होत असे. छापखान्यातली माणसं टाइपाला खिळेच म्हणत, आणि ते एकेक उचलून ओळ लावणारा तो जुळारी. या खिळ्यांना सुबक रूप देणाऱ्यांत मोठं नाव जावजी दादाजी चौधरी यांचं. गरिबीतून आलेला हा माणूस लहान वयात मिशनच्या छापखान्यात टाइप घासायचं काम करत होता. त्यांनी १८६४ साली स्वतःची टाइप ओतण्याची शाळा काढली आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या अक्षरांमुळे निर्णयसागरचा टाइप देशभर गाजला.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. छापखानेवाला खिळे वजनावर विकत घ्यायचा. एकदा पैसे मोजले की खिळे त्याचे. त्यावर पंचांग छापा, लग्नपत्रिका छापा, मोर्चाचं पत्रक छापा, कुणी विचारणार नाही. खिळे झिजले की वितळवायचे. म्हणजे अक्षर ही एक वस्तू होती, आपल्या पाट्या-वरवंट्यासारखी.

संगणक आला आणि अक्षराची वस्तू राहिली नाही, फाइल झाली. फाइलची नक्कल क्षणात होते, आणि ज्याने कष्ट करून ती बनवली त्याच्या हाती काही उरत नाही. म्हणून फाइल विकणारा ती आपल्याला विकतच नाही. तो फक्त वापरायची परवानगी देतो, अटींसह. त्या अटींच्या कागदाला परवाना म्हणतात. एकाच संगणकावर वापरा, दुसऱ्याला देऊ नका, आतली अक्षरं बदलू नका, अशा त्या अटी. आपण त्या न वाचता 'मान्य' वर बोट दाबतो.

आमच्या इतिवृत्तांचं जे झालं त्यात दोन गोष्टी एकत्र अडकल्या होत्या. त्या वेगळ्या करून सांगतो. पहिली गोष्ट अशी की त्या काळी मराठी फाँट बनवणारी प्रत्येक कंपनी अक्षरांना आपापले क्रमांक द्यायची. एकीचा 'क' दुसरीच्या फाँटात चांदणी दिसायचा. यावर उपाय झाला युनिकोड. जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक. १९९१ पासून त्यात देवनागरी आहे. आज आपण मोबाइलवर एकमेकींना मराठीत निरोप पाठवतो ते त्याच्याच जोरावर. दुसरी गोष्ट परवान्याची. तो जुना फाँट हाताशी असता तरी दुकानदाराने तो आम्हाला देणं हे नियमात बसलं नसतं. पहिलं कुलूप युनिकोडने उघडलं. दुसरं कुलूप उघडायला वेगळी माणसं झटली.

त्यांची गोष्ट अमेरिकेत सुरू होते, आणि तीही छपाईच्या यंत्रापासूनच. रिचर्ड स्टॉलमन नावाचे संगणकतज्ज्ञ एका प्रयोगशाळेत काम करत. तिथल्या छपाईयंत्रात कागद सारखा अडकायचा. त्यांना यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये थोडी दुरुस्ती करायची होती, पण आतला मजकूर त्यांना कुणी दिला नाही. पुढे १९८३ साली त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरचं काम जाहीर केलं आणि १९८९ साली जीपीएल नावाचा परवाना आला. त्याचं म्हणणं सोपं आहे. वापरा, उघडून पाहा, बदला, वाटा, हवं तर विकाही. फक्त बदललेलं दुसऱ्याला द्याल तर त्यालाही हेच सगळे हक्क द्या.

हे आपल्याला नवीन आहे का? गटाची मोठी पातेली आपण लग्नाकार्याला देतो. ने, वापर, पण घासून परत आण आणि पुढच्या बाईला अडवू नकोस. आपला नियम तोंडी, त्यांचा लेखी, एवढाच फरक.

आता आपल्या अक्षरांकडे येऊ. रेड हॅट म्हणजे लाल टोपी, या नावाची एक सॉफ्टवेअर कंपनी आहे. तिने २००४ साली भारतीय लिप्यांचे फाँट जीपीएल परवान्याखाली सर्वांना खुले केले. त्यांचं नाव लोहित. लोहित म्हणजे तांबडा. या फाँटांची देखभाल पुढे पुण्यातही झाली. पैसे न मोजता, परवानगी न मागता वापरता येईल, बदलता येईल असं देवनागरी अक्षर मिळालं. केवढी मोठी गोष्ट!

पण इथे एक गाठ पडली. जीपीएल बनवला होता सॉफ्टवेअरसाठी. फाँटचं तसं नसतं. तुम्ही पत्रक तयार करून त्याची पीडीएफ केली की फाँटची अक्षरं त्या पीडीएफच्या पोटात जाऊन बसतात. मग शंका आली, की जीपीएलची अट फाँटाबरोबर त्या पत्रकालाही लागू होते का? आमच्या मसाल्याची पाककृती आम्ही त्या फाँटात छापली तर पाककृतीही जगाला खुली करावी लागेल का? पातेलं उसनं घेतलं म्हणून त्यात शिजलेली भाजीही वाटून टाकायची का? अशी शंका राहू नये म्हणून जीपीएलबरोबर जोडायची खास सवलतीची ओळ लिहिली गेली. पण ती ओळ ज्याने जोडली त्याच्याच फाँटाला लागू.

म्हणून काहींनी ठरवलं की फाँटसाठी वेगळाच, लहान परवाना हवा. जगातल्या लहान लहान भाषांवर काम करणारी एसआयएल नावाची संस्था आहे. व्हिक्टर गॉल्टनी आणि निकोला स्पालिंजर यांनी तिच्यासाठी तो लिहिला. २००५ साली पहिली आवृत्ती आली, २००७ साली सुधारलेली १.१ आवृत्ती. नाव ओपन फाँट लायसन्स, लोक त्याला ओएफएल म्हणतात. आणि २०११ साली लोहित फाँट जीपीएल सोडून या परवान्याखाली आले.

ओएफएलच्या मुख्य अटी चार. आम्ही एकेक अट आमच्या सभेत वाचली आणि प्रत्येकीचा फायदा-तोटा मांडला. तसाच तुमच्यापुढे मांडतो.

पहिली अट. या फाँटात तुम्ही जे लिहाल, छापाल, त्याला हा परवाना लागू नाही. पत्रक तुमचं, लेबल तुमचं, पाककृती तुमची. विका, वाटा, लपवून ठेवा. इथे आमच्या जिवात जीव आला. यात तोटा काही दिसला नाही.

दुसरी अट. फाँट बदलून दुसऱ्यांना द्याल तर तो याच परवान्याखाली द्या. फायदा हा, की सुधारणा पुन्हा सगळ्यांच्या चुलीवर येते. तोटा असा, की एखाद्या कारागिराला वाटलं, मी खूप मेहनत घेऊन हा फाँट सुधारला, तो आता माझ्या अटींवर विकतो, तर त्याला ते करता येत नाही.

तिसरी अट. नुसता फाँट तेवढाच विकायचा नाही. दुसऱ्या सॉफ्टवेअरबरोबर मिळून दिला तर चालतो. गंमत अशी, की ते सॉफ्टवेअर किती मोठं हवं हे परवाना सांगत नाही, म्हणून चार ओळींचं कामही पुरतं, हे मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनीच दाखवून दिलं आहे. मग ही अट कशाला? फुकटचा फाँट उचलून भोळ्या माणसाला विकणाऱ्याला आडकाठी म्हणून. पण या अटीपाशी आमच्या सभेत बराच वेळ गेला. एका देवनागरी फाँटात शेकडो आकार काढावे लागतात. मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरं, प्रत्येकाची जाडी वेगळी. त्यात महिनोन्महिने जातात. तो विकायचा नाही तर कारागिराची मजुरी कोण देणार? आमच्यातली एक ताई म्हणाली, "घरचं काम फुकट असतं असं म्हणणाऱ्यांना आपण काय म्हणतो? फुकट काही नसतं, कुणीतरी राबलेलं असतं." खरंच आहे. म्हणून खुल्या फाँटाचे पैसे आधीच कुणीतरी द्यावे लागतात. कधी सरकारी संस्था, कधी मोठी कंपनी, कधी कारागीर स्वतःचाच वेळ. आणि जो पैसे देतो तो पुष्कळदा कोणती अक्षरं आधी व्हायची हेही ठरवतो.

चौथी अट नावाची. फाँट बनवणारा आपलं नाव राखून ठेवू शकतो. मग दुसऱ्याने फाँट बदलला तर त्याला वेगळं नाव द्यावं लागतं. हे बरोबरच वाटतं. आमच्या गटाच्या नावाने दुसऱ्याने कच्चा मसाला विकला तर चालेल का? पण यातही एक अडचण निघाली. वेबसाइटवर फाँट लवकर उघडावा म्हणून त्यातली न लागणारी अक्षरं काढून तो हलका करतात. हाही बदलच. मग प्रत्येक वेळी नाव बदलायचं का? म्हणून आता पुष्कळ फाँटकार नाव राखून ठेवण्याचा हक्क सोडून देतात. चांगल्या हेतूची अटही पुढे पायात येऊ शकते, ती अशी.

या परवान्याखाली आपल्या मराठी माणसांनी सुंदर कामं केली आहेत. मुंबईच्या एक टाइप या फाँटकारांच्या गटाने मुक्ता नावाचा फाँट केला. गिरीश दळवी आणि यशोदीप घोलप यांनी त्याची देवनागरी घडवली. बारीक ते ठळक अशा सात जाड्या त्यात आहेत. याच गटाचे बलू आणि मोदक हे फाँटही खुले आहेत. मोदकाची अक्षरं तर उकडीच्या मोदकासारखी गुबगुबीत. तुम्ही ही अक्षरं पाट्यांवर, जाहिरातींत पाहिली असतील, नाव माहीत नसेल एवढंच.

आता म्हणाल, वापरायला मिळालं, पुरे झालं, बदलायचा हक्क आपल्याला कशाला? आपण कुठे फाँट बदलायला बसणार? आम्हालाही आधी असंच वाटलं. पण दोन उदाहरणं ऐका.

पहिलं आपल्या मराठीचं. आपला 'ल' आणि आपला 'श' यांचं वळण हिंदीपेक्षा वेगळं असतं. २००९ साली महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमाला ठरवून दिली, तेव्हा मराठी वळणच धरलं. आणि 'दुसऱ्या', 'सुऱ्या' यातला र पाहा. तो 'सूर्य' मधल्या रफारासारखा डोक्यावर जात नाही, अक्षराच्या आधी आडवा बसतो. 'आचार्यांना' म्हणजे गुरुजींना आणि 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक्यांना! अक्षर चुकलं की जेवणावळीचं निमंत्रण भलत्याला जायचं. हिंदीपुरता विचार करून केलेल्या फाँटात हे आकार नसले, आणि फाँट बंद परवान्याचा असला, तर आपण फक्त तक्रार करू शकतो. खुला असला तर आपल्यातलाच कुणीतरी जाणकार ते आकार घालून सगळ्यांना देऊ शकतो.

दुसरं उदाहरण आमच्या शेजारचं. फाळणीनंतर सिंधमधून आलेली हजारो कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत राहिली, आणि १९४९ साली तिथे उल्हासनगर उभं राहिलं. सिंधी भाषा अरबी वळणाच्या लिपीत लिहितात तशी देवनागरीतही लिहितात. पण तिच्यात चार आवाज असे आहेत, जे आपल्या देवनागरीत नाहीत. त्यांच्यासाठी ग, ज, ड, ब यांच्याखाली आडवी रेघ देतात. या चारही अक्षरांना युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाल्या त्या २००६ साली. जागा मिळाली तरी प्रत्येक फाँटात ती अक्षरं काढणार कोण? थोड्या लोकांसाठी एवढा खर्च करणं कंपनीला परवडेलच असं नाही. उल्हासनगरच्या आजीला नातवासाठी सिंधी गाणी देवनागरीत छापायची असतील, तर जो फाँट उघडून त्यात चार अक्षरं घालता येतात, तोच तिच्या कामाचा. लहान भाषेला बदलायचा हक्क वापरायच्या हक्काइतकाच लागतो. आणि मोठ्या भाषेतल्या गरीब माणसालाही.

हे सगळं ऐकून आमच्या एका मैत्रिणीने सुचवलं, की मग आपणच एक परवाना लिहू. आमची गाणी आणि पाककृतींची पुस्तिका आहे, ती फक्त बायकांच्या गटांनी वापरावी, कुणी पैसे कमवू नयेत, आणि चांगल्या कामासाठीच वापरावी. ऐकायला किती छान! पण असे घरगुती परवाने पूर्वी लिहिले गेले आहेत आणि त्यांचं काय झालं तेही इतिहासात आहे.

डग्लस क्रॉकफर्ड नावाच्या एका अमेरिकन माणसाने आपल्या सॉफ्टवेअरच्या परवान्यात एक ओळ घातली, की हे चांगल्यासाठी वापरा, वाईटासाठी नको. हेतूला कोण नावं ठेवील? पण चांगलं काय आणि वाईट काय, हे ठरवणार कोण? डेबियन आणि फेडोरा हे मुक्त सॉफ्टवेअरचे मोठे प्रकल्प आहेत. तिथे या ओळीमुळे तो परवाना खुला मानला गेला नाही. काम चांगलं असूनही इतरांनी ते आपल्या कामात मिसळायचं टाळलं. एका ओळीने दार अर्धं बंद झालं.

'पैसे कमवू नयेत' ही अट तर आपल्याच अंगावर येते. आपला गट मसाला विकतो, पापड विकतो. धंद्यासाठी वापरू नका असं लिहिलेला फाँट आपण लेबलावर वापरला तर आपणच नियम मोडला. ही अट लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मोठी कंपनी असते. पण कंपनीकडे वकील असतो आणि फाँट विकत घ्यायला पैसे असतात. अडकते ती पापड विकणारी बाई.

आणखी एक अडचण. दोन परवान्यांच्या अटी एकमेकींशी जुळल्या नाहीत, तर दोन कामं एकत्र करता येत नाहीत. ओळखीचा परवाना असला की लोक बिनघोर वापरतात. अनोळखी असला की आधी वकिलाला विचारावं लागतं, आणि वकील परवडत नाही म्हणून ते वापरतच नाहीत. म्हणून २००६ च्या सुमारास जाणत्या लोकांनीच सांगितलं की परवाने फार झाले, नवे काढण्याआधी जुन्यांतून निवडा. मग ओएफएल हाही वेगळाच परवाना नव्हता का? होता. पण फाँटची अडचण खरी होती आणि मोठ्या परवान्यात ती सुटत नव्हती. शिवाय हजारो लोकांनी तोच एक धरला, म्हणून तो टिकला. गरज खरी आणि सोबत मोठी, या दोन गोष्टी असतील तरच वेगळा परवाना परवडतो.

तेव्हा आमच्या सभेत ठरलं ते असं. आमचा नवा परवाना आम्ही लिहिणार नाही. गटाचे सगळे कागद यापुढे युनिकोडमध्येच टाइप होतील. लेबल आणि पत्रकं ओएफएल परवान्याच्या फाँटात होतील. टाइप करणाऱ्याला पैसे देण्याआधी आम्ही चार प्रश्न विचारू, तुम्हीही विचारा. हे युनिकोडमध्ये आहे का? या फाँटाचा परवाना कोणता? लेबलावर छापून माल विकला तर चालेल का? आणि ही फाइल दुसऱ्या संगणकावर, तुमच्याशिवाय, उघडेल का? चौथ्या प्रश्नाचं उत्तर तिथल्या तिथे करून बघायचं. फाइल आपल्या मोबाइलवर मागवायची आणि दुकानातच उघडायची.

आमच्या जुन्या इतिवृत्तांचं काय झालं म्हणाल, तर कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने त्या फाइली युनिकोडमध्ये बदलून दिल्या. बदलताना जोडाक्षरं बरीच विस्कटली. दोन संध्याकाळी आम्ही सगळ्या बसलो, एकीने वाचायचं, दुसरीने दुरुस्त करायचं. त्या दोघींची नावं आली तेव्हा वाचणारी थांबली. मग नावं नीट टाइप केली, आणि त्यांना वंदन करून पुढे गेलो.

तुमच्याही गटाच्या कपाटात एखादी जुनी सीडी असेल. ती या आठवड्यात काढा, लावून बघा, आणि काय दिसलं ते आम्हाला कळवा. नमस्कार.